३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाला पाच वर्षं झाली. तुमची वाडी, तुमचं घर कसं उभं राहिलं?

आगरकाठ | ३ जून २०२५, सकाळी ७:४०

आज दुपारी साडेबाराला सासूबाई देवाजवळ दिवा लावतील. २०२१ पासून दर ३ जूनला लावतात. कोणी सांगितलेलं नाही, आम्ही कोणी विचारलेलंही नाही.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. वाडी बावीस गुंठ्यांची. वादळाआधी तीत साधारण २४० पोफळी (सुपारीची झाडं) होत्या, ३५ माड, सहा जायफळं, दोन फणस, कडेला रातांबे. वारा आधी डोंगराकडून आला. मग अर्धा-पाऊण तास असा गेला की पानही हलेना. शेजारचे काका छप्पर बघायला बाहेर पडले, तेवढ्यात समुद्राच्या बाजूने सुरू झाला. पहिल्या वाऱ्यात जी झाडं वाकून राहिली होती ती दुसऱ्यात मोडली. संध्याकाळी माजघराच्या दारातून थेट समुद्र दिसत होता. लग्न होऊन आल्यापासून सव्वीस वर्षांत त्या दारातून मला समुद्र कधी दिसला नव्हता.

उरल्या १९ पोफळी आणि ११ माड.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. या जानेवारीत, २०२०च्या पावसात लावलेल्या रोपांपैकी चार पोफळींना पहिली पोय (फुलोरा) आली. त्या दिवशी मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले आणि मग पायरीवर बसून रडले. वादळाच्या वेळी रडले नव्हते. मला वाटलं, बातम्यांमधलं वादळ आठवड्यात संपलं, आमचं अजून चालू आहे. तुमच्याकडे काय झालं, कोण मदतीला आलं, काय उपयोगी पडलं आणि काय नाही, हे इथे लिहूया. पुढच्या वेळी कोणाला तरी लागेल.

---

खाडीकाठ | ३ जून, सकाळी ९:०५

ताई, दारातून समुद्र दिसल्याचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही दापोलीकडचे, केळशीच्या बाजूचे. आमच्याकडे शांत झालंच नाही, सलग चार तास दक्षिणेकडून झोडपत राहिला. हवामान खात्याने ताशी १०० ते ११० किलोमीटर सांगितलं होतं, झोत १२० पर्यंत. आकडा ऐकून काही कळत नाही. पडवीचा पत्रा सुटून आंब्याच्या बुंध्यात कोयत्यासारखा रुतला, तेव्हा कळलं.

काय उपयोगी पडलं म्हणाल तर ताडपत्री. दुसऱ्या दिवसापासून पाऊस होता. घरात धान्य होतं, ते भिजत होतं. चौथ्या दिवशी पहिला टेम्पो आला, त्यात तांदूळ आणि डाळ. आमच्या वस्तीतली सत्तरीची काकी पाठवणाऱ्या पोराला म्हणाली, "बाळा, तांदूळ हायत रे, ते ठेवायला कोरडी जागा नाय." त्या मुलाने ते नीट ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला टेम्पोतून ताडपत्र्या, सुतळ, खिळे आणि मेणबत्त्या आल्या. त्या मंडळींचं नाव मला आजही माहीत नाही, पण त्यांनी विचारलं हे मी विसरणार नाही.

आणि जुने कपडे. गाठोड्यांनी आले. शाळेच्या व्हरांड्यात भिजून कुजले, शेवटी आम्हालाच पुरावे लागले. देणाऱ्याची भावना चांगली असते, मान्य आहे. पण ज्या बायका दिवसभर पत्रे उचलत होत्या त्यांनाच ती गाठोडी सोडवून बसावं लागलं.

---

दादर_ते_दापोली | ३ जून, सकाळी ९:५०

मी मुंबईचा चाकरमानी. आई-वडील गावाला. ३ तारखेला सकाळी साडेदहाला शेवटचं बोलणं, वडील म्हणाले, "वारा वाढलाय, ठेवतो." मग सहा दिवस काहीच नाही. टॉवर पडलेले, वीज नाही. त्यात टाळेबंदी, जायचं तर ई-पास पाहिजे आणि मुंबईचा माणूस गावात येणार म्हणजे करोना घेऊन येणार ही भीती. ती भीती खोटी नव्हती, म्हणून कोणाला दोषही देता येत नव्हता.

सहाव्या दिवशी महाडहून एका अनोळखी नंबरवरून फोन आला. ट्रकवाला होता. आमच्या गावातून जाताना लोकांनी त्याच्याकडे वहीचा कागद दिला होता, त्यावर तेवीस फोन नंबर आणि प्रत्येकापुढे एक ओळ. माझ्यापुढे लिहिलं होतं, "दोघे बरे. मागचं छप्पर गेलं. येऊ नको." त्या माणसाने तेवीस फोन स्वतःच्या पैशाने केले.

गावच्या व्हॉट्सॲप गटात आमची अठ्ठेचाळीस माणसं होती, सगळी मुंबई-पुणे-सुरतेतली. गावात राहणारा एकही नंबर लागत नव्हता. आता आम्ही काय केलं आहे ते सांगतो: गावात चार घरांची नावं ठरलेली आहेत. वादळानंतर त्या घरांतल्या कोणीतरी मोटारसायकलने रेंज मिळेपर्यंत जायचं आणि मुंबईतल्या एकाच माणसाला फोन करायचा. बाकी सगळ्यांनी त्या एकाला विचारायचं. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, १६ मे २०२१ ला, हे वापरलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

---

सातबारा | ३ जून, सकाळी ११:२०

मी निवृत्त आहे, तेव्हा महसूल खात्यात होतो. गाव सांगत नाही. आतली बाजू लिहितो, कारण ती कोणी लिहीत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला पंचनाम्यांना उतरवलं. तलाठ्याच्या एका सज्जात सहा-सात गावं, रस्त्यावर आडवी झाडं, पंचनाम्याचे कागद पिशवीत गुंडाळून पायी हिंडलो. घरांचं त्यातल्या त्यात सोपं होतं. पूर्ण पडलेल्या घराला आधी ९५ हजार १०० होते, ते दीड लाख केले. अंशतः पडलेल्याला ६ हजारांचे १५ हजार केले. पण 'अंशतः' म्हणजे काय? भिंती उभ्या आणि एकही कौल शिल्लक नाही, हे घर अंशतः. माणूस विचारायचा, "साहेब, उद्यापासून पावसात राहतो, हे अंशतः कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बागायतीला आधी हेक्टरी १८ हजार होते, ते ५० हजार झाले. ऐकायला मोठी वाढ. पण आपल्या किनाऱ्यावर हेक्टरने वाडी कोणाची? १० गुंठे, १५ गुंठे. हेक्टरचा भाव गुंठ्यावर आणला की गुंठ्याला पाचशे रुपये. म्हणून ओरड झाली, ती बरोबर होती, आणि मग झाडामागे दर काढला. पोफळीला ५० रुपये, माडाला २५०.

खरी अडचण सातबाऱ्यावर होती. एका वाडीवर सतरा नावं. त्यातली पाच मयत, चार मुंबईत, एक बडोद्याला, दोघांचं आपसांत बोलणं नाही. वाडी राबवते एक विधवा सून, तिचं नाव कुठेच नाही. पैसे द्यायचे कोणाला? संमतीपत्रं आणा म्हटलं तर टाळेबंदी. मी काही ठिकाणी गावकीसमोर बसून कोण राबतं हे लिहून घेतलं आणि ते पंचनाम्याला जोडलं. काही ठिकाणी चाललं, काही ठिकाणी परत आलं. जिथे परत आलं ती घरं मला अजून आठवतात.

वाचणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. वारस नोंदी करून घ्या. वादळ आल्यावर होत नाहीत.

---

आगरकाठ | ३ जून, दुपारी १:१५

सातबारा काका, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आमचे बावीस गुंठे, अकरा हजारांच्या आसपास. झाडाच्या दराने सतरा हजार होतात. पण पडलेली एक पोफळ तोडून, तुकडे करून वाडीबाहेर ओढायलाच पन्नासाहून जास्त मजुरी जात होती, आणि मजूर होते कुठे? टाळेबंदीत नेपाळी, बिहारी मुलं सगळी गावाला गेलेली.

तुमच्या त्या विधवा सुनेसारखी माझी चुलत जाऊ आहे. तिची वाडी आम्ही साफ केली. आळीतल्या अकरा घरांनी ठरवलं, रोज एका घराची वाडी. सकाळी सहा ते अकरा. ज्याची वाडी त्याने फक्त पेज आणि लोणचं द्यायचं, पैशाचं नाव काढायचं नाही. पूर्वी भात लावणीला असं एकमेकांकडे जायचे, आमच्या पिढीत बंद पडलं होतं. क्रम लावताना सासूबाई म्हणाल्या, "आधी तिची." कोणी काही बोललं नाही. एकवीस दिवस लागले अकरा वाड्यांना.

दिवा लावून झाला आत्ता.

---

महानदी | ३ जून, दुपारी २:३०

नमस्कार. मी नोकरीनिमित्त गेली एकोणीस वर्षं भुवनेश्वरला आहे, मूळ सांगलीकडचा. इथे चक्रीवादळ हा घरातला विषय आहे, म्हणून लिहितो.

ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाची आठवण अजून ताजी आहे. जगतसिंगपूर जिल्ह्यात, एरसमा भागात समुद्र कित्येक किलोमीटर आत शिरला. जवळपास दहा हजार माणसं गेली. माझ्या कार्यालयातला एक सहकारी तिथला. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, झाडाला धरून वाचला. तो सांगतो की पाणी ओसरल्यावर पुढची दोन-तीन वर्षं शेतात भात आलाच नाही, जमीन खारट झाली होती. अनाथ मुलांना दूरच्या शहरात न पाठवता विधवा बायकांबरोबर गावातच एकत्र ठेवायची सोय काही ठिकाणी झाली. त्याची एक चुलत बहीण तशी वाढली, आज ती अंगणवाडी चालवते.

त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनाचं स्वतंत्र प्राधिकरण उभारलं. किनाऱ्याला निवारे बांधले: खांबांवर उचललेली दोन मजली इमारत, वर जायला रुंद उतार, म्हणजे म्हातारी माणसं आणि गुरंही चढतील. एरवी तिथे शाळा भरते, म्हणून कुलूप गंजत नाही आणि गावातल्या प्रत्येक पोराला जिना माहीत असतो. ३ मे २०१९ ला पुरीला फणी आलं, तेव्हा १२ लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली होती. बळी शंभराच्या आत राहिले.

पण ताईंनी लिहिलं ते इथेही तंतोतंत आहे. जीव वाचवायला हे राज्य शिकलं. फणीनंतर पुरीच्या आसपास नारळ आणि विड्याचे पानमळे झोपले, ती माणसं अजून सावरत आहेत. आपल्या किनाऱ्यावर असे निवारे किती आहेत?

---

चिरेबंदी | ३ जून, दुपारी ४:००

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कौलांचा हट्ट सोडा आणि स्लॅब टाका. आमच्या गावात स्लॅबची आठ घरं होती, आठही उभी राहिली आणि त्या रात्री निम्मं गाव त्या आठ घरांत झोपलं. पुन्हा कौलं घातली त्यांना तौक्त्याने वर्षाच्या आत परत वर चढवलं.

---

खाडीकाठ | ३ जून, दुपारी ४:४०

राग नाही दादा, पण स्लॅबला पैसा कुठून आणायचा? आमच्या घराला पंधरा हजार मिळाले. तेवढ्यात पत्रे आणि कौलंही आली नाहीत, भाव चढले होते. उन्हाळ्यात स्लॅबखाली दुपारी म्हातारी माणसं बसू शकत नाहीत हेही आहे.

मी सुतारकाम करतो, पाहिलेलं सांगतो. दुपाखी छपरं उडाली, चौपाखी बरीचशी टिकली, कारण वाऱ्याला सरळ भिंतीसारखी बाजू मिळत नाही. ज्यांची पडवी आणि घर एकाच सलग छपराखाली होतं त्यांची पडवी उडताना घराचे वासे उपटून घेऊन गेली. आता मी नवीन काम करतो तेव्हा पडवीचं छप्पर वेगळं, एक हात खाली. पत्र्याला नुसता खिळा मारत नाही, वाशाला खालून वळसा घालणारा हुक आणि वर रबरी वायसर. कडेच्या दोन ओळींत कौलं तारेने बांधतो. आणि ओटीलगतची एक खोली, न्हाणी असली तरी चालेल, तिच्यावर स्लॅब. माणसं आणि धान्याची कोठी तिथे. सगळं घर स्लॅबचं नको, एक खोली पुरते. हे तौक्त्यात टिकलं.

---

चिरेबंदी | ३ जून, संध्याकाळी ५:१०

एका खोलीचं पटलं. आमच्या ग्रामसभेत मांडतो.

---

ह्यूस्टनकर | ३ जून, संध्याकाळी ६:२५

मी टेक्सासमध्ये राहते, माहेर रोह्याचं. ऑगस्ट २०१७ मध्ये इथे हार्वी आलं. ह्यूस्टनमध्ये वाऱ्याने नाही, पावसाने मारलं. चार दिवसांत मीटरभर पाऊस. आमच्या पश्चिम भागात दोन मोठे जलाशय आहेत, ॲडिक्स आणि बार्कर. ते भरले, पाणी सोडलं आणि पाऊस थांबल्यावर आमच्या वसाहतीत पाणी चढलं.

इथली घरं लाकडी सांगाडा आणि आत जिप्समच्या भिंती. ओल्या राहिल्या की दोन-तीन दिवसांत बुरशी. पाणी उतरलं त्या सकाळी अनोळखी माणसं हातोडे आणि पहारी घेऊन दारात उभी. चर्चमधली, गुरुद्वारातली, मंदिरातली, कॉलेजची मुलं. कंबरेइतक्या उंचीपर्यंत भिंती फोडून रस्त्यावर ढीग. माझे लग्नातले अल्बम त्या ढिगात होते. एका म्हातारीने ते काढले, एकेक फोटो सोडवून तिच्या स्वयंपाकघरात दोरीवर वाळत घातला. सगळे वाचले नाहीत, सत्तेचाळीस वाचले.

श्रीमंत देश आहे, विमा आहे, तरी ज्यांचा पुराचा विमा नव्हता ती कुटुंबं वर्षभर वरच्या मजल्यावर विजेच्या शेगडीवर शिजवत राहिली. २०२० ला रोह्याहून भावाचे फोटो आले, तेव्हा मी पैसे पाठवायच्या आधी त्याला विचारलं, "हात आहेत का मदतीला?" तो म्हणाला, "पैसे नंतर पाठव, आधी लाकूड कापायचं यंत्र कुठे मिळेल ते बघ." पुण्याहून दोन पाठवली. ती यंत्रं पाच वर्षं गावात फिरत आहेत. २०२१ च्या जुलैत महाडला पूर आला तेव्हा तीच आणि गावातली चौदा मुलं चिखल काढायला गेली.

---

कलम_बांध | ३ जून, रात्री ८:५०

दापोलीला कृषी विद्यापीठात शिकलो, आता स्वतःची बाग आहे. झाडांबद्दल थोडं, कारण वादळानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत फार चुका होतात. आमच्याही झाल्या.

पोफळ किंवा माड मधून मोडला तर संपला. त्याला एकच शेंडा असतो, तो गेला की फूट नाही. त्यावर मेहनत घालू नका. पण मुळासकट कललेला लहान माड आणि आंबा उभा करता येतो. घाई केलीत तरच. मुळं उघडी पडून वाळली की उपयोग नाही. ओल्या गोणपाटाने किंवा मातीने तेव्हाच झाका. आंब्याच्या फांद्या निम्म्या-पाऊण छाटा, नाहीतर उरलेल्या मुळांना पानं झेपत नाहीत. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. मग दोर आणि कप्पीने हळूहळू उचला, एका दिवसात सरळ करायचा नाही, आणि तीन बाजूंनी टेकू. आमची ६४ कलमं पडली, ३८ उभी केली, त्यातली २९ आज फळतात.

दुसरं, पडलेले माड वाडीत कुजत ठेवू नका. कुजक्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो आणि वाचलेल्या माडांचे कोंब पोखरतो. २०२१ आणि २०२२ मध्ये आमच्या पट्ट्यात वादळातून वाचलेले माड असे गेले. शेजाऱ्याने ओंडके उचलले नाहीत तर भुंगा तुमच्याकडे येतो, म्हणून हे एकट्याने होत नाही. ताईंच्या आळीने अकरा वाड्या एकत्र साफ केल्या त्याचा हा मोठा फायदा झाला असणार.

तिसरं, सावली. पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही. पूर्वी मोठ्या झाडांची सावली होती, वादळानंतर वाडी उघडी. ज्यांनी त्याच पावसात नुसती रोपं लावली त्यांची पुढच्या एप्रिलमध्ये करपली. आधी केळी, मग पोफळ.

---

आगरकाठ | ३ जून, रात्री ९:४०

कलम बांध, अगदी हेच झालं. पहिल्या पावसात लावलेली १५० रोपं. २०२१ च्या उन्हाळ्यात ९० करपली. कोणी सांगितलंच नव्हतं. त्याआधी, वादळानंतर लगेच, पाण्याचे हाल वेगळेच. वीज ४१ दिवसांनी आली, तोवर विहिरीवरचा पंप बंद. नळाचंही पाणी बंद, कारण तेही पंपावर. आडात झावळ्या पडून पाणी कुजलं होतं. बायका पहाटे साडेचारला दीड किलोमीटरवरच्या झऱ्यावर जायच्या, अंधारात, एका बॅटरीच्या उजेडात. गावात एक जनरेटर होता, त्यावर शाळेत ओळीने मोबाइल लावलेले असायचे, प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव. तोच जनरेटर दिवसातून एक तास पाण्याच्या टाकीला द्या म्हणून आम्ही बायकांनी सरपंचांकडे भांडण केलं. बाराव्या दिवशी दिला. तो पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता. गावाच्या यादीत हे लिहून ठेवा सगळ्यांनी.

वीज जोडायला बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली मुलं होती, विदर्भातली, मराठवाड्यातली. समुद्र पहिल्यांदा बघितला म्हणाली. शाळेत जमिनीवर झोपायची, चिखलातून खांब खांद्यावर वाहायची. खांबावरून खाली उतरला तो मुलगा सासूबाईंच्या पाया पडला आणि त्यांनी त्याच्या हातावर पाच सुपाऱ्या ठेवल्या, जुन्या वाडीतल्या, डब्यात उरलेल्या शेवटच्या.

---

दादर_ते_दापोली | ३ जून, रात्री १०:१५

ताई, रोपं पाहिजेत का? वडिलांनी वाचलेल्या पोफळींची बेडी, म्हणजे पिकलेल्या सुपाऱ्या, टाकून रोपं केली आहेत. दीड वर्षाची, शंभर तरी आहेत. मंडणगडमार्गे बाणकोट, वेश्वीहून फेरीबोटीने बागमांडला आणि श्रीवर्धन. गाडी माझी.

---

आगरकाठ | ३ जून, रात्री १०:३५

पाहिजेत. चाळीस मला, साठ जाऊबाईंना. तिच्या वाडीत इतके दिवस ऊनच होतं, केळी मागच्या वर्षी लावल्या, आता सावली धरली आहे. पाऊस लवकर आलाय, मिरगानंतर चार दिवस उघडीप मिळाली की या. खड्डे आम्ही काढून ठेवतो. येताना वडिलांनाही आणा, सासूबाई बोलावत आहेत.